दीडशे मीटर राहिलं

९ मार्च, रविवार
मंडळाच्या हॉलमध्ये भूपेंद्र महाजनचा सत्कार. शाल, श्रीफळ, फोटो. कारण काय, तर हिमालयात साडेपाच हजार मीटर चढून आला. आम्ही दोघं सुरतेजवळच्या सचिन जीआयडीसीत एकाच कापडाच्या मिलमध्ये. तो फोल्डिंगला, मी डाइंगला, म्हणजे रंगाईला, सुपरवायझर. म्हणजे दर्जाने मी वर. तरी आमची वर्षा इतरांच्या टाळ्या थांबल्यावरही वाजवत होती. वीस वर्षांच्या संसारात माझ्यासाठी तिने एकदाही टाळी वाजवलेली नाही. डास मारताना सोडून.

१० मार्च
भूपेंद्र मे महिन्यात मंडळाच्या बारा जणांना हिमाचलात नेणार. पाच हजार मीटरचं शिखर. हे त्याचं दोनदा हुकलंय, एकदा हवेमुळे, एकदा कुणाच्या तरी आजारपणामुळे. मी नाव दिलं. पहिल्याच झटक्यात चढणार, आणि त्याच्या आधी. हे फक्त इथे लिहितोय.

१७ मार्च, पहाटे ५.१०
ट्रेनिंग सुरू. सुरतेत चढ नावाची गोष्टच नाही. आम्ही राहतो त्या भागाचं नाव पर्वत पाटिया, आणि जमीन तळहातासारखी सपाट. शेवटी फ्लायओव्हर गाठला. पाठीवर कापडाचे दोन ताके. अर्ध्यावर सेल्फी काढला. येताना रिक्षा केली, कारण उतरताना गुडघ्यांवर जोर येतो असं वाचलंय.

६ एप्रिल
ट्रेनिंगचे एकूण दिवस चार. विश्रांतीही ट्रेनिंगच असते. भूपेंद्र म्हणे रोज दहा किलोमीटर पळतो. दिखावा.

१३ एप्रिल, रविवार
मेडिकल फॉर्म भरला. ब्लडप्रेशर आहे का? ‘नाही’ लिहिलं. डॉक्टरांनी रोज अर्धीच गोळी दिलीय. अर्ध्या गोळीला आजार म्हणायचं असेल तर सगळं सुरत आजारी निघेल.
मीटिंगमध्ये भूपेंद्रने सांगितलं, की फॉर्मवर खोटं लिहू नका आणि वर डोकं दुखलं तर लगेच बोला, उंचीवर एकाने लपवलं की सगळे अडचणीत येतात. बोलताना माझ्याकडे बघत होता. बहुतेक माझा नवा शर्ट बघत असेल.

१९ मे, कॅम्प १
३४०० मीटर. तब्येत उत्तम. जेवण उलटलं, पण तो राजमाचा दोष. कुणाला सांगितलं नाही, स्वयंपाक करणाऱ्याला वाईट वाटलं असतं.

२१ मे, कॅम्प ३
४४०० मीटर. कालपासून डोकं फुटतंय. भूपेंद्रच्या शिट्टीने.
संध्याकाळी सगळ्यांनी बोटाला ते ऑक्सिजनचं मशीन लावून आकडा वहीत लिहायचा असतो. माझा ६८ आला. भूपेंद्रचा ८७. हे कसं शक्य आहे? मग लक्षात आलं, मशीनवरचे आकडे इंग्रजी, उलटं धरलं की 68 चे 89 दिसतात. कुठल्या बाजूने वाचायचं हे मशीनवर लिहिलेलं नाही. ८९ लिहिलं. सगळ्यांत जास्त. आमच्या तुकडीतले सुकलालकाका म्हणाले, योगराज तर पहाडी निघाला. भूपेंद्रने वहीतला आकडा दोनदा वाचला. जळला असणार.

२५ मे, हॉस्पिटल
आज पेन धरता येतंय. बावीस तारखेचं लिहून ठेवतो.
पहाटे निघताना भूपेंद्र जवळ आला. गावाकडच्या बोलीत, हळूच विचारलं, “भाऊ, खरं सांग, डोकं दुखस का?”
मी म्हटलं, “नही.”
तीन तास मी त्याच्या पुढे होतो. हे कुणीही नाकारू शकत नाही. मग बर्फावर पाय एकमेकांत अडकायला लागले. मला समोर आमचा डाइंगचा हौद दिसला, वाफ कोंडलेली. मी स्टीम बंद करा, स्टीम बंद करा, असं ओरडत दरीच्या बाजूला चालत गेलो म्हणे. भूपेंद्रने मागून जॅकेट धरलं. पुढचं मला आठवत नाही, सुकलालकाकांनी सांगितलं. भूपेंद्रने बाकीच्यांना गाइडबरोबर वर पाठवलं, आणि एक शेर्पा घेऊन स्वतः मला खाली आणलं. कॅम्पपर्यंत धरून, तिथून पाठीवर. शिखर दीडशे मीटर राहिलं होतं. हवा स्वच्छ होती. तासाभरात पोचला असता.
तसं त्यालाही एकट्याने उतरायला लागलं नाही. मी सोबत होतोच.

२६ मे
डॉक्टर म्हणाले मेंदूला सूज होती, दोन तास उशीर झाला असता तर घरी फोन वेगळा गेला असता. डॉक्टर लोकांना वाढवून सांगायची सवय असते. तरी दुपारी आणखी एक पांघरूण मागून घेतलं. पंखा जोरात असेल.
भूपेंद्र शेजारी बसून सफरचंद चिरून देतो. चार शिव्या घातल्या असत्या तर फिट्टंफाट तरी झाली असती. चांगुलपणातही पहिला नंबर हवा.

३० मे, सुरत
ग्रुपवर झेंडा धरलेला माझा फोटो टाकला. खाली लिहिलं, ‘शिखर सर!’ कुणी सर केलं ते लिहिलेलं नाही, त्यामुळे खोटं म्हणता येणार नाही. फोटो कॅम्प दोनचा. एक्केचाळीस अंगठे आले. वर्षाचाही.

८ जून, रविवार
मंडळाचा कार्यक्रम. मी मनात ठरवलं होतं, भूपेंद्रला शाल घालायला लागले की मागून कुणीतरी विचारावं, हा वर पोचला होता का? विचारायची वेळच आली नाही. तो स्वतःच माइकवर गेला.
“मी वर पोचलो नाही. दीडशे मीटर राहिलं. एकाला बरं नव्हतं, त्याला घेऊन उतरलो.”
एवढंच. नाव घेतलं नाही. टाळ्या मार्चपेक्षा जास्त. लोक चढून टाळ्या मिळवतात, हा न चढता मिळवतो. याच्याशी कुठे कुठे लढायचं?
मी उठलो. तो एक म्हणजे मी, असं सांगायला. खरंच उठलो होतो. शेजारच्याला वाटलं मी चहाला चाललोय, त्याने पाय बाजूला घेतले. मग चहाला गेलो.

१५ जून, रविवार
वर्षाने ऑक्टोबरच्या ट्रेकला नाव दिलं. भूपेंद्रच्याच. डॉक्टरकडे एकटी जाऊन तपासून आली, सगळं नॉर्मल. जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर फॉर्म भरला. वजनसुद्धा खरं लिहिलं.
‘इमर्जन्सीत कुणाला कळवायचं’ या रकान्यात तिने नूतनचं नाव लिहिलं. नूतन म्हणजे तिची बहीण, कोसाडला राहते. मी म्हटलं, घरात नवरा असताना कोसाड कशाला?
तिने मान वर केली नाही. “डोंगरावरून फोन आला तर खरं ऐकून खरं सांगणारं माणूस पाहिजे.”
म्हणजे तिला ठाऊक होतं. हॉस्पिटलातून भूपेंद्रने पहिल्याच दिवशी तिला फोन केला होता, हे तिनेच सांगितलं. वहीतल्या ८९ सकट सगळं कळवलं होतं. दोन आठवडे ती मला मुगाची खिचडी करून घालत होती आणि मी समजत होतो, शिखरवीराचा पाहुणचार चाललाय.
मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिने विचारलं, तुमच्याकडे पेन आहे का, हे उमटत नाही.
दिलं.