आक्कानं कमी लिहिलेली वजनं

प्रिय आक्का,

तू गेल्यावरचं पुण्यानुमोदन काल झालं. विहारात ज्याला त्याला तुझ्याबद्दल दोन शब्द बोलायचे होते. मलाही उभं केलं. एरवी गल्लीत माझ्याएवढा आवाज कुणाचा नसतो, पण काल तोंड उघडलंच न्हाई. तसाच खाली बसलो. जे बोलायचं होतं ते आधी तुला सांगायला हवं, म्हणून हे पत्र.

तुझी उचगावची अंगणवाडी आठवते का गं? पत्र्याची खोली, आढ्याला टांगलेला वजनकाटा, झोळीत पाय झाडणारी पोरं. कॉलेजला जाताना मी तुला सायकलवरनं सोडायचो. सुकडीचा वास आला की माझा हात पातेल्याकडं जायचा आणि तू चापट मारायचीस. "ती पोरांची हाय. तुला घरी भाकरी हाय की."

मग तो कागद आला. सरकारवर कर्ज झालंय, जागतिक बँकेनं खर्च आवरायला सांगितलंय, म्हणून सुकडीची दुसरी वाटी आता फक्त अगदी अशक्त पोरांना. तू तो दोनदा वाचलास. म्हणालीस, "एवढ्या मोठ्या देशाला काटकसर करायला माझ्या पोरांची वाटीच घावली व्हय?"

त्या महिन्यापासनं काटा दहा किलो दाखवायचा आणि तू आठ लिहायचीस. मी विचारलं तर म्हणे काटा जुना हाय.

तालुक्याच्या मीटिंगला दर वेळी तुला उभं करायचे. सगळ्यात जास्त कुपोषित पोरं तुझीच. बाकीच्या बायका शाबासकी घेऊन यायच्या, तू बोलणी खाऊन. आणि घरी पाय पसरून हसायचीस, "आजबी माझा नंबर शेवटनं पहिला."

आता सुजाताचं सांगतो. माझ्या वहीच्या मागच्या पानावर तिचं नाव तूच वाचलं होतंस. तिची आई तुमची सुपरवायझर, हे मला ठाऊक होतं. एकदा कॉलेजच्या सायकल स्टँडवर ती म्हणाली, "उचगावात पोरांना उपाशी ठेवतात काय रे? आई म्हणते, तुझ्या बहिणीला कामच जमत नाही."

माझं डोकं सटकलं. म्हटलं, "तुझ्या आईला काय कळतंय? आक्काची पोरं दगडागत हाईत. ती वजनं कमी लिहिते, म्हणून दोनदा खातात." ती बघतच राहिली. मला येड्याला वाटलं, पोरगी खूश झाली.

तिनं वाईटपणानं सांगितलं नसेल. जेवता जेवता आईपुढं बोलली असेल. आठ दिवसांत जीप आली, नवा काटा आला. खरी वजनं निघाली. दुसरी वाटी बंद झाली आणि तुझं कामही गेलं.

गल्लीनं ठरवलं, चुगली तुझ्या अंगणवाडीतल्या मदतनीस शांताबाईनंच केली. तिला तुझी जागा पाहिजे होती म्हणे. बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. नळावर तिची घागर मागं सारायला लागल्या. आणि मी? गप्प. सुजातापुढं जायला नको म्हणून कॉलेज सोडलं आणि घरी सांगितलं, सरांशी भांडण झालं. सगळ्यांना पटलं. माझं भांडण कुणाशी होत नव्हतं?

त्या दिवसांत मला अन्न गोड लागत नव्हतं. तू न विचारता माझ्या ताटात दुसरी भाकरी टाकायचीस. मी खेकसायचो.

काल सगळे गेल्यावर शांताबाई चटया गुंडाळत होती. म्हणाली, "आक्का मला पहिल्याच आठवड्यात बोलल्या होत्या. शांते, तू न्हाईस हे मला ठाऊक हाय. कुणी सांगितलं तेबी ठाऊक हाय. पण ते पोरगं सध्या जेवत न्हाय, त्याला आत्ताच कशाला बोलू?" मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि गुंडाळलेली चटई माझ्या हातात दिली.

आत्ताच कशाला म्हणता म्हणता पाच वर्षं काढलीस, आक्का? मला अशक्त पोरांतच धरलं होतंस काय? एकदा तरी कान पिळायचास. माझं ताट भरताना शांताबाईची घागर मागं राहिली, हे तुला कसं दिसलं नाही?

उद्या सकाळी नळाला पाणी येईल तेव्हा सगळी गल्ली तिथं असेल. तिथं उभा राहून मी सांगणार आहे की तो मी होतो. आवाज मोठा आहेच, शेवटच्या घरापर्यंत जाईल. आणि मग शांताबाईची घागर माझ्या हातानं सगळ्यांच्या आधी नळाखाली लावीन.

जयभीम आक्का.

तुझा धाकटा,
संज्या