कांदाचाळीच्या शास्त्रानं बांधलेलं घर

विंचूर, ता. निफाड
२० डिसेंबर २००१

सन्माननीय व्याहीबुवा भिमाजीराव यांना विंचूरच्या मोतीरामचा हात जोडून रामराम.

इकडे आम्ही उभयता ठणठणीत आहोत, तिकडची खुशाली कळवावी. आपला गुडघा काय म्हणतो? एकलहऱ्याच्या वीज केंद्रात उभा जन्म बॉयलरशेजारी काढलेल्या माणसाचा गुडघा थंडीत धरावा हे मला पटत नाही, पण आपण म्हणता म्हणजे धरत असेल. विहीणबाई अंबूबाईंना नमस्कार सांगावा. जावईबापू मनोजरावांना आशीर्वाद (ते माझ्यावर रागावलेत हे ठाऊक आहे, तरी द्यावा, माझ्याकडून काही राग नाही). तृप्तीला म्हणावं, पायात मोजे घाल आणि वेळेवर जेव.

पत्राचं कारण आपल्या ध्यानात आलंच असेल. परवा फोनवर मी घराचा विषय काढला की आपण "मोतीरामराव, ते आता राहू द्या" म्हणायचात, असं तीन वेळा झालं. पत्राचं बरं असतं, ते मधेच तोडता येत नाही. तर मुद्दा असा, की मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. ही रीत काही मी काढलेली नाही. तृप्तीला आठवा लागलाय आणि आपण म्हणता, त्या घरात पोरीला पुन्हा पाठवणार नाही. 'त्या घरात' हे शब्द मला फार लागले, भिमाजीराव. माझी एकुलती एक लेक आहे ती. म्हणून त्या घराची हकिगत पहिल्यापासून सांगतो, मग न्याय आपणच करा.

कांद्यानं एका साली हात दिला तेव्हा मी कौलारू घर पाडून स्लॅबचा बंगला बांधला. (आपण लग्नाच्या बोलणीला आलात तेव्हा "झकास आहे" म्हणालात. पण तेव्हा जानेवारी होता.) मे महिन्यात त्या बंगल्यानं रंग दाखवला. फरशीवर अनवाणी पाय ठेववेना, टाकीचं पाणी नळाला उकळतं यायचं, आणि पंखा लावला की स्लॅबखालची सगळी धग तेवढी अंगावर यायची. एका दुपारी आपल्या विहीणबाई, म्हणजे आमची भागीबाई, घरात सापडेना. विहीर बघितली, मळा बघितला, आळी पालथी घातली. शेवटी सापडली कुठं, तर कांद्याच्या चाळीत! कांद्याच्या ढिगाशेजारी गोणपाट अंथरून खुशाल घोरत होती. मी ओरडायला तोंड उघडलं आणि तसाच थांबलो, कारण अंगाला गार झुळूक लागली. आता आपण पडलात नोकरीतले, म्हणून सांगतो. कांद्याची चाळ जमिनीपासून दीड-दोन हात उंच असते, आणि तळाला व बाजूंना फटी ठेवून पट्ट्या मारलेल्या असतात. वारा खालून शिरतो, कांद्यातून फिरतो आणि वरून निघून जातो. म्हणून तर मे महिन्यात भरलेला कांदा दिवाळीपर्यंत टिकतो. मी कपाळावर हात मारून घेतला. चार आण्याच्या कांद्याची आम्ही एवढी बडदास्त ठेवतो, आणि लग्नाच्या बायकोला तव्यावर बसवतो!

यंदाच्या फेब्रुवारीत मी गेणू गवंड्याला बोलावलं आणि घराला चाळीचं शास्त्र लावायला सांगितलं. तो म्हणाला, "दादा, नव्या भिंतीला भोकं पाडायला मी गवंडी हाय का घूस?" त्याला दोनदा चहा पाजला, चाळीत नेऊन झोपवला, तेव्हा कुठं पटलं. चव्वेचाळीस झरोके खाली, चव्वेचाळीस वर, सगळ्यांना जाळी. (जाळी उंदरांसाठी. साप एकदाच आला, आणि तोही लहानच होता.) आणि काय सांगू आपल्याला! बाहेर बेचाळीस अंश ऊन, आणि आमच्याकडे माणसं दुपारी चादर मागत होती. अर्धी आळी जेवण उरकून उशी घेऊन हजर. शेजारच्या धोंडाबाई तर निघताना "उद्या दार जरा लवकर उघडा" असं वर मलाच बजावून जायच्या. आपल्यासारख्या जाणकार माणसानं ते घर मे महिन्यात बघायला हवं होतं, मग आपण फोन असा ठेवलाच नसता.

एकच गोष्ट माझ्या ध्यानातून निसटली. चाळीतला कांदा दिवाळीपर्यंतच असतो. त्यापुढं चाळीत काय होतं, हे कांद्याला कधी बघावंच लागलेलं नाही.

निफाड तालुक्याच्या थंडीबद्दल काय लिहू? खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. चहा स्वयंपाकघरातून ओसरीवर येईपर्यंत गारढोण. डोहाळजेवण झाल्यावर मी तृप्तीला घेऊन आलो तेव्हा पहिल्याच सकाळी ती म्हणाली, "आप्पा, घरात वारं सुटलंय." (दुपारी ती अंगणात उन्हाला बसायची आणि भाकरीही तिथंच खायची, याचा आपल्याकडे फार बोभाटा झाला. ऊन खाणं गरोदर बाईला चांगलंच असतं.) पण बापाचं काळीज हो! मी विचार केला, आमचे द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि वेली वाचवतात. द्राक्षाच्या वेलीपेक्षा माझी पोर का कमी आहे? चौथ्या दिवशी उजाडताना मी घराच्या चारी बाजूंनी उसाच्या पाचटाच्या आठ शेकोट्या केल्या. पाचट जरा ओलं होतं. शास्त्र मात्र शंभर टक्के बरोबर निघालं. वारा खालून शिरला, घरातून फिरला आणि वरून निघून गेला. फक्त त्या दिवशी वाऱ्यात धूर होता.

नेमके त्याच वेळी जावईबापू डिंकाचे लाडू घेऊन मोटारसायकलवर आले. वरच्या चव्वेचाळीस झरोक्यांतून धूर निघताना बघून त्यांना वाटलं घर पेटलं, आणि त्यांनी गाडी तशीच आमच्या गोठ्यात घातली. (म्हैस सुखरूप आहे. लाडूही तिनंच खाल्ले.) तृप्ती डोळे पुसत बाहेर आली तेव्हा चक्क हसत होती. (भागीबाई म्हणते, रडत होती. धुरात नीट दिसलं नाही.) मनोजराव मला एका शब्दानं बोलले नाहीत, हे आपले संस्कार. पण जीप बोलावली आणि तासाभरात तिला घेऊन गेले.

असो. झालं गेलं गोदावरीला मिळालं. आता ऐका. अठ्ठ्याऐंशीच्या अठ्ठ्याऐंशी झरोक्यांत मी स्वतः बारदान कोंबलं, वरून शेणमातीनं लिंपलं. बाळंतिणीच्या खोलीत नवी बाज टाकली. यादव द्राक्षवाल्याकडचा थर्मामीटर आणून भिंतीला लावला. आज सकाळी सात वाजता त्यावर चक्क बावीस अंश होतं! बाहेर दहिवर पडलेलं आणि खोलीत बावीस! सरकारी दवाखान्यात तरी एवढी ऊब मिळते का? तेव्हा मनात किंतू न ठेवता रविवारी तृप्तीची तयारी ठेवावी, मी जीप घेऊन येतो.

आपला,
मोतीराम

ता. क. पाडव्याला गेणू येऊन झरोके पुन्हा मोकळे करील. पुढं उन्हाळ्यात आपण सगळ्यांनीच यावं. उशा आणू नयेत, बऱ्याच जमल्या आहेत.

दुसरा ता. क. भिमाजीराव, पाकीट चिकटवायला घेतलं पण हात होईना. थर्मामीटर वाचताना मी तो मुठीत धरला होता. भिंतीवर तो नऊच दाखवत होता. वारा बंद झाला, पण स्लॅब गारठली ती गारठलीच. पोरीच्या आणि बाळाच्या जिवाशी खेळून मला माहेरपण मिरवायचं नाही. तृप्तीला तिथंच राहू द्या. फक्त एक भीक घाला, तिची आई तिच्याजवळ असू द्या. भागीबाई सकाळपासून त्या रिकाम्या बाजेवर दुपट्यांना टाके घालत बसलीय. मला बघवत नाही हो.

तिसरा ता. क. पत्र पोस्टात टाकायला निघालो तर भागीबाईनं ते हातातून काढूनच घेतलं. म्हणाली, "पोस्टाला लय दिवस लागत्याल. मी एस.टी.नं दुपारच्या आत पोचते." मी म्हटलं, अगं, नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही अशी आपली रीत. तर म्हणाली, "रीत गेली चुलीत. माझी पोर पहिलटकरीण हाय." दुपट्यांचं गाठोडं तिनं आधीच बांधून ठेवलं होतं. एवढं लिहायला पत्र तिच्याकडून मिनिटभर मागून घेतलंय. तेव्हा हे पत्र आपल्याला तिच्याच हातून मिळालं असेल. आपण बोलावल्याशिवाय ती उंबरा ओलांडणार नाही, आणि आपलं पत्र वाचून होईपर्यंत काही बोलू नकोस असं मी तिला सांगितलंय. पत्र फार लांबलं, माफ करा. ती अजून दारातच उभी असेल. तिला आत घ्या.