माय, लाकूड वाजवून घ्यायला शिकलो

प्रिय माय,

तुला वाचता येत नव्हतं अन् मला धड लिहिता येत नाय. तरी लिहायला बसलो, कारण आज सकाळी माझी चूल पहिल्यांदा बिनधुराची पेटली. हे सांगायला तुझ्याशिवाय कोण हाय मला?

मी अजून हिमाचलातच हाय, रस्त्याच्या कामावर. बजाजनगरची कंपनी सोडली, पुण्याचं काम सोडलं, पण इथं टिकलो बघ! इथं लई बर्फ पडतं. आमच्या खोलीत पत्र्याची बंद चूल असती, तिची नळी छपरातून बाहेर जाती. तिच्याच उबेवर सगळे जगतात. मी गावाकडचा म्हणून यंदा ती पेटवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

पहिल्या दिवशी ऐटीत गेलो अन् ढिगातली सगळ्यात जड लाकडं उचलून आणली. तूच सांगायचीस ना, "जड बाभूळ घे, इस्तू धरून ठेवती"? काडी लावली, अन् खोलीभर धूर! बिडकीनचा इरफान माझ्या खोलीत राहतो. डोळे चोळत वरडला, "अबे, चूल्हा जला रा के मच्छर मार रा?"

ती बाभूळ नव्हतीच, माय. नुकतंच तोडलेलं देवदार होतं. पाण्यानं जड झालेलं!

मग आठवलं. आपल्या देवगावला तू ओसरीवर बाभळीचे दोन तुकडे एकमेकांवर आपटत होतीस. मी अर्धंच ऐकलं अन् खेळायला पळालो. तू मागून वरडत होतीस, "आरं, नुसतं जड बघू नको, वाजवून बघ! वाळलेलं खणकन बोलतं, ओलं मुकं ऱ्हातं!" तेव्हा एक मिनिट थांबलो असतो तर काय बिघडलं असतं?

आज एकेक लाकूड वाजवून घेतलं. टोकाला चिरा पडलेली, साल सुटलेली तेवढीच आणली. आधी राख काढली, नळी मोकळी हाय का बघितलं. बारीक ढलप्या पेटल्या, मगच जाड लाकूड सरकवलं. खिडकी दोन बोटं उघडी ठेवली तर इरफान उठलाच. "खिडकी काय कू खोला बे? बर्फ अंदर आ रा!" मी म्हणलं, "थंडी वाजली तर उठशील. धुरानं झोपलास तर उठायचा नाय." परत पांघरूण ओढून पडला.

चूल छान धडधडायला लागली अन् मला रडू फुटलं. इरफानला वाटलं, परत धूर झाला.

तू गेलीस तेव्हा बर्फानं रस्ता बंद होता. मी पोचलो तिसऱ्या दिवशी, राख सावडायला. अग्नी बाबांनीच दिला. त्यांनी मान खाली घालून सांगितलं, "लाकडं ओली निघाली रं. डिझेल टाकावं लागलं."

माय, तू आयुष्यात चुलीत रॉकेलचा थेंब पडू दिला नाय! कुणी टाकायला गेलं की म्हणायचीस, "चुलीला दारू पाजता व्हय रे?" अन् तुझ्यासाठी आणलेलं एक लाकूड कुणी वाजवून बघितलं नाय. ते माझं काम होतं. पण मी असतो तरी मला कुठं येत होतं? हेच लई टोचतं.

तू बी काय कमी हट्टी होतीस? फोनवर खोकायचीस अन् वर म्हणायचीस, "काय नाय, धुराचा हाय." खरं सांगितलं असतंस तर आलो नसतो का? ... खरंच आलो असतो का, माय?

काल फोनवर बाबा खोकत होते. गॅस हाय, पण त्यांना भाकर चुलीवरचीच लागती, अन् ओलं-सुकं हाती येईल ते जाळतात. विचारलं तर म्हणले, "काय नाय, धुराचा हाय."



म्हणून ठेकेदाराला सांगून टाकलं. रस्ता खुला झाला की मी निघालो. आधी बाबांना तालुक्याला, कन्नडला डॉक्टरकडं नेतो. मग पावसाळाभर पुरतील एवढी लाकडं फोडून, वाळवून पत्र्याखाली रचतो. चुलीवरची दोन कौलं काढून धुराला वाट करतो. अन् त्यांचा खोकला थांबल्याशिवाय देवगाव सोडत नाय. हा शब्द हाय, माय.

तुझाच,
गणेश