आकडी माझ्या माघारीच द्यावी

मी, श्रीमती सारा एडविन पारधे, वय सत्तेचाळीस, प्राथमिक शिक्षिका, राहणार नेवासा, जिल्हा अहिल्यानगर, देवाच्या दयेने धडधाकट असताना आणि शेजारी बसून कोणी सांगत नसताना हे मृत्युपत्र लिहिते. घाई कसलीच नाही. पण माझे पती कागद न करता गेले, आणि मागच्यांना काय निस्तरावं लागतं ते मी पाहिलं आहे.

१. राहतं घर मुलगा सुनील याला द्यावं. बँकेतली ठेव आणि शिलाई मशीन मुलगी रुपाली हिला. मशीनवर सुनीलने हक्क सांगू नये. त्याला शर्टाचं बटण लावता येत नाही.

२. घरामागची माझी पट्टी सहा फूट रुंद आहे. वाटणीत थोरले दीर अब्राहाम भाऊजींनी बारा फुटांच्या मधोमध तार ओढली. पलीकडचे सहा फूट त्यांचे, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई सिल्व्हिया यांचे. तेव्हापासून आम्हा दोघींचं बोलणं भांडणापुरतंच.

एवढ्याशा जागेत मी तारेलगत शेवगा लावला. त्याच्या विरळ सावलीत, मोरीचं पाणी जातं तिथे, अळू. उरलेल्या वाफ्यात मेथी आणि मुळा एकत्र. मेथी आधी निघते, मग मुळ्याला जागा होते. बाईंनी पलीकडे दोडका लावला, तो तार ओलांडून माझ्या शेवग्यावर चढला.

"सारे, तुझ्या शेवग्यानं माझा येल पळवला!"

"पळवला नाही बाई, तोच माहेर सोडून आला."

मग त्या बांबूच्या आकडीने आपले दोडके ओढून न्यायच्या, आणि जाता जाता माझ्या चार शेंगाही. एकदा आकडी हातातून सुटून माझ्या बाजूला पडली. त्यांनी मागितली नाही, मी दिली नाही. शेवटी एका सकाळी तारेपलीकडून आवाज आला, "वरचा दोडका जून व्हाया लागलाय. काढ की गं."

तेव्हापासून दोडके आणि अळूची पानं तिकडे जातात, गप्पा इकडे येतात.

३. सुनील म्हणतो, "आई, शेवगा काढू, भिंत घालू, टेम्पो आत लागंल." टेम्पो रस्त्यावर लागतो, तिथेच लागावा. शेवगा तोडू नये. बाईंना हयातभर या पट्टीत येऊन पिकेल ते नेऊ द्यावं. भिंत घातली, तर पट्टी त्या दिवसापासून बाईंच्या मालकीची होईल. हे वकिलांना दाखवून लिहिलं आहे.

४. आकडी कोठीमागे उभी आहे. ती माझ्या माघारी बाईंना द्यावी. त्याआधी मुळीच नको. आकडी हाती आली, तर त्या मला हाक कशाला मारतील?

५. बाई सकाळपासून फुगल्या आहेत. "सह्यांना परकी मानसं आणलीस. मी काय मेले व्हय?" ज्याला काही मिळायचं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकिलांनी बजावलं आहे. आणि काय मिळायचं ते सांगितलं, तर आकडीचं बिंग फुटेल. म्हणून मी म्हटलं, "तुमचं अक्षर चांगलं नाही, बाई."

माझ्या माघारी हे कलम त्यांना मोठ्याने वाचून दाखवावं. त्यांचं अक्षर चांगलं आहे.

आत्ता तारेपलीकडून हाक आली आहे. रागावल्या तरी दोडका काही थांबत नाही. सही करते आणि जाते.

सही: सारा एडविन पारधे

सारा मॅडमनी आमच्यासमोर सही केली, आम्ही त्यांच्यासमोर केली:
१. गोरक्ष भानुदास तुवर
२. पंकजा राधाकृष्ण शेटे

नेवासा, ११ ऑक्टोबर २०२५