दर दोन ओळींनी

४ फेब्रुवारी

प्रिय छोटी,

अनेक आशीर्वाद. ‘आम्ही सगळे ठीक आहोत’ असं सवयीने लिहायला गेले आणि थांबले. आता सगळे म्हणजे मी आणि जिन्यातली मांजर. दोघी ठीक आहोत.

तुझं कार्ड मिळालं. बाबा गेल्यापासून तू फोन उचलत नाहीस, पण कार्ड टाकलंस, हेही कमी नाही. दोनच वाक्यं आहेत. ‘लोकर उरली असेल तर परत पाठव. आणि बाबांनी मला बोलावलं होतं का, एवढंच सांग.’ ते मी आरशाच्या खाचेत लावून ठेवलंय. दुसऱ्या वाक्याचं उत्तर देईन. आधी लोकरीचं लिहिते.

लोकर उरली आहे. बाबांच्या स्वेटरसाठी तू सहा लड्या रंगवून पाठवल्या होत्यास, त्यातल्या चार अजून तशाच आहेत. पाठ अर्धीअधिक झाली होती. नंतर सुया कपाटात ठेवून दिल्या, त्या परवा काढल्या. हात चालतात. रडू येत नाही. सर्दीत जेवणाला चव नसते, तसं काहीसं आहे. भेटायला येणाऱ्यांना ते बरं वाटत नाही, म्हणून मी हल्ली दार उघडताना विणकाम हातात ठेवते. मग लोक विणकामाबद्दल बोलतात.

लाँड्रीत रोज जाते. काउंटर आणि बटणं, उसवलेल्या शिवणी, सगळं पूर्वीसारखंच. काल दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून पाठ विणायला घेतली. इस्त्रीवाले काका वाकून बघत म्हणाले, “ताई, हे दोघींनी मिळून विणलंय का?”

“नाही हो, एकटीनेच.”

“मग मध्येच चष्मा बदललात वाटतं.”

खिडकीशी धरून पाहिलं. पाठीच्या मधोमध आडवी रेघ आहे, पट्टी ठेवून ओढल्यासारखी. खाली राखाडीकडे झुकणारा निळा, वर गडद. पहिली लडी संपली तिथेच मी दुसरी जोडली होती.

लड्यांना तू चिठ्ठी टाचली होतीस, हे मला आठवतं. आठवत नाही असं नाही.

गिऱ्हाईक आलं. पुरे करते.

तुझी,
ताई


१९ फेब्रुवारी

प्रिय छोटी,

आशीर्वाद. तुझं उत्तर नाही, पण माझंच उत्तर बाकी आहे, तेव्हा तक्रार कसली करू?

चिठ्ठी सापडली. बटणांच्या डब्यात होती. ‘दर दोन ओळींनी गुंडा बदल. एकाच पातेल्यात रंगवल्या तरी दोन लड्या सारख्या निघत नाहीत.’ तेव्हा वाचली आणि डब्यात टाकली. तुला सुया धरायला मी शिकवलं, आणि आता तू मला शिकवणार, असं वाटलं. शिवाय मला निळा म्हणजे निळा. रंगाची नजर बाबांकडून तू घेतलीस. मला त्यांचे सपाट पाय मिळाले.

दुकानांच्या पाट्या रंगवताना बाबाही हेच करायचे. रंगाचा जुना डबा अर्धा असतानाच नवा उघडायचा आणि दोन्ही मिसळून घ्यायचे. म्हणजे पाटीवर डबा बदललेला कुणाला कळत नाही. जेवताना शंभरदा सांगितलंय त्यांनी. ऐकलं दोघींनी, शिकलीस तू.

तर आता छातीकडचा पुढचा भाग तुझ्या पद्धतीने सुरू केलाय. दोन लड्यांचे दोन गुंडे केले, एक डाव्या पायाशी, एक उजव्या. दोन ओळी ह्याच्या, दोन त्याच्या. बदललेला धागा कडेने वर घ्यायचा. ओढून घेतला की कड आकसते, सैल सोडला की धागा लोंबतो. पहिली वीत मला दोनदा उसवावी लागली. आता जमलंय. सुटे गुंडे शेजारी ठेवले तर एक फिका, एक गडद, अगदी स्पष्ट. विणले की दोन्ही दिसेनासे होतात आणि तिसराच एक निळा तयार होतो, जो कुठल्याच गुंड्यात नाही. काका म्हणाले, “आता नंबर बरोबर लागला.”

तुझं खरं होतं. हे मी सहजासहजी लिहीत नाही, तुला ठाऊक आहे.

मग पाठही उसवून पुन्हा विणावी म्हणून सुई काढून घेतली. सरसर उसवत रेघेपासून चार बोटांवर आले. तिथे थांबले. सगळे टाके परत सुईवर उचलले आणि पाठ घडी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आता ती घडी खुर्चीवर आहे. मी स्टुलावर बसून जेवते.

तुझी,
ताई


२ मार्च

प्रिय छोटी,

हे पत्र लाँड्रीत लिहिते आहे. काका जेवायला गेलेत. घरी तीनदा लिहायला बसले होते.

हो. बाबांनी तुला बोलावलं होतं.

सगळं अचानक झालं, असं मी तुला फोनवर सांगितलं होतं. अचानक नव्हतं. सोमवारी सकाळी डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. जिन्यात मला म्हणाल्या, “कुणाला बोलवायचं असेल तर आजच बोलवा.” बाबा गेले गुरुवारी दुपारी. तुला सहा तासांचा प्रवास. तेवढ्या वेळात तू बारा वेळा पोचली असतीस.

बाई गेल्यावर मी आत आले. फोन हातात होता, तुझा नंबर काढलेला. बाबांनी विचारलं, “छोटी आली का?” मी म्हटलं, “बोलावते.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नीट, बराच वेळ, आणि म्हणाले, “आलीस होय.”

मी “हो” म्हटलं.

त्यांनी हात पुढे केला. मी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि हात धरला. नऊ वर्षं मी त्यांचं पथ्यपाणी केलं, पाय चेपले, वर्तमानपत्र वाचून दाखवलं. नऊ वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. बघायचं कारणही नव्हतं. मी घरातच होते.

मंगळवारी मधूनच त्यांना मी ताई वाटायचे. मग म्हणायचे, “ताई, छोटीला काहीतरी खायला दे, दमून आली असेल.” मी आत जायचे, ताटली वाजवायचे आणि बाहेर येऊन म्हणायचे, “खाल्लं, बाबा.” तू हसली असतीस. मला हसू आलं नाही, दुसरंही काही आलं नाही.

बुधवारी मी त्यांच्या पलंगाशी बसून विणत होते. नवी लडी जोडून चार बोटं झाली होती. त्यांनी विणकाम जवळ ओढून घेतलं. नजर तेव्हा कितीशी उरली होती. तरी बोट नेमकं तिथे ठेवलं आणि म्हणाले, “छोटे, इथे डबा बदललास.”

मी म्हटलं, “हो बाबा, चुकलं.”

ते म्हणाले, “असू दे. तुझी चूक असायची नाही. ताईने जोडली असेल घाईत.”

हे त्यांचं शेवटचं पुरतं बोलणं. ते तुझ्याशी होतं. ऐकलं मी. म्हणून पाठ उसवता येत नाही आणि पुरीही करता येत नाही.

तुला का बोलावलं नाही, त्याला मी बरेच शब्द शोधले. तू आली असतीस तर मी पुन्हा ताई झाले असते, याहून दुसरं कारण सापडलं नाही. माफी मागत नाही. ती कशाबद्दल मागायची, ते अजून आत पोचलेलं नाही. पोचलं की लिहीन.

लोकर परत मागितलीस, ती सोबत पाठवते आहे. दोन लड्या अख्ख्या, दोन गुंडे अर्धवट. पुढचा भाग पूर्ण आहे. पाठ सुईसकट ठेवली आहे, टाके गळू नयेत म्हणून टोकांना बुचं लावली आहेत. रेघ तशीच आहे. बाबांनी बोट ठेवलं ती जागा डावीकडून एकविसावा टाका. तिथे पांढरा दोरा बांधलाय, म्हणजे तुला शोधावी लागणार नाही.

उसवायची की ठेवायची, तू ठरव. मला कळवलं नाहीस तरी चालेल.

तीन दिवस तुझ्या हाकेला ओ दिलेली,
ताई