फिरतं दुखणं आणि बदलीचं कार्ड

सोम. ७ जाने. ५७
उजवा गुडघा टम्म. लाल, हात लावू देत नाही. शनिवारी लालबागेतून शिवाजी पार्कावर सभेला चालत गेलो, घसा फाडून घोषणा, परत चालतच. त्याचंच हे. अंगही गरम. तरी सातला गिरणीच्या गेटावर हजर. मी बदलीवाला, आज कोणी खाडा केला नव्हता, म्हणून काम नाही. पण बदलीच्या कार्डावर हजेरीचा शिक्का पडला. साळखात्यातला, मागावरचा एक म्हातारा मार्चात कायमचा गावी जातोय. माणसं कामाला लावणारा जॉबर म्हणाला, ज्याचे शिक्के सलग, त्याला जागा. माझा पावसाळ्यापासून एक चुकलेला नाही. जागा माझीच.

मंगळ. ८
गोविंदकाका हसले. माझ्याच गावचे, तीस वर्षं मागावर उभे, खोलीत त्यांचाच शब्द. म्हणाले, "तुझ्या वयात माका गुडघे आसत ह्याची खबरच नव्हती!" त्यांचे दोन्ही गुडघे जिन्यावर करकरतात, बसले की बरे. त्यांचंच निर्गुंडीचं तेल चोळलं, वर विटेचा शेक. वात तो वात, त्यांचा काय न् माझा काय.

गुरु. १०
गुडघा साफ! तेलाला तोड नाही. आईला पत्र टाकलं की प्रकृती उत्तम.
डावा घोटा जरा धरलाय. चप्पल चावली असेल.

शनि. १२
घोटा गुडघ्यासारखाच फुगला. तालमीतल्या वस्तादाकडे गेलो. त्यांनी पाय धरून असा ओढला की डोळ्यांपुढे गाव आलं. वर घट्ट पट्टी. लंगडत गेटावर. शिक्का घेतला.

सोम. १४, संक्रांत
घोटा बरा. वस्ताद भारी माणूस. आज काम मिळालं, पण उजवं मनगट वळेना. तुटलेला धागा जोडता येईना, माग दोनदा बंद ठेवला. जॉबर बघून गेला. खोलीत काकांनी तिळगूळ दिला, तो डाव्या हाताने घेतला. काका हसले नाहीत. कपाळाला हात लावून बघितला. "ह्या माझा दुखणा नाय. उद्या परळाक जावया."

मंगळ. १५
परळच्या मोठ्या दवाखान्यात. डॉक्टरीणबाई माझ्याहून चारपाच वर्षांनीच मोठ्या असतील. मी सगळं सांगितलं, तेलाने गुडघा बरा, वस्तादाने घोटा.
"बरं कोणीच केलं नाही. दुखण्याने जागा बदलली. सुजलेला सांधा पुन्हा ओढून घेऊ नकोस."
मग विचारलं, घसा कधी दुखला होता? नाताळाच्या आसपास चार दिवस गिळता येत नव्हतं, मिठाच्या गुळण्या केल्या, विसरलो. त्या म्हणाल्या, तिथूनच हे. घशाचा ताप दोनतीन आठवड्यांनी सांध्यांत उतरतो, या सांध्यातून त्या सांध्यात फिरतो. सांधे सोडतो, पण हृदयाला धरू शकतो. काकांचं वेगळं, ती झीज.
पेनिसिलिनचं इंजेक्शन. ॲस्पिरिनच्या गोळ्या, जेवणावरच. आणि सहा आठवडे पडून राहायचं. दुखायचं थांबलं तरी.
सहा आठवडे! मी म्हटलं, बाई, शिक्के?
त्यांना कळलं नाही. काकांना कळलं.

गुरु. १७
पडून राहा म्हणे. कुठे? खोलीत बावीस माणसं. माझी वळकटीची जागा रात्रीची माझी, दिवसाची शंकरची. तो रात्रपाळीहून आला, उभा राहिला. "राजेसाहेब, उठतास?" उठलो. दिवसभर गॅलरीत भिंतीला टेकून. ताप चढला. याला विश्रांती म्हणत असतील तर...

रवि. २०
काकांनी सगळ्यांना बसवलं. जागा कोण सोडणार? रिकामा कोपरा एकच, भजनाचा. देवाची तसबीर, पखवाज, टाळांची पेटी. तिथे पाय पसरायचे कसे? तेवढ्यात शंकरच उठला, पखवाज उचलला. "विठोबा तसो उभोच आसता. तू निज रे." तसबीर वर खुंटीला गेली. मी खाली. मुतायलासुद्धा काका हात धरून नेतात. लाज वाटते. पण झोप लागली.

शुक्र. २५
गोळ्यांनी कानात मागांचा आवाज. काकांनी टांग्यातून परळला नेलं, बाईंना सांगितलं, त्यांनी गोळ्या थोड्या कमी केल्या. सूज कुठेच नाही. छाती बराच वेळ ऐकली.
"एक आवाज जास्तीचा येतोय."
जाईल?
"पडून राहिलास तर जाईलही. खात्री देत नाही. पण उभा राहिलास तर बिघडेल, हे नक्की. आणि इंजेक्शन दर महिन्याला, कितीतरी वर्षं. चुकवायचं नाही."
तो आवाज जाणार नाही असं मी कशाला धरू? जाईल. एकोणीस वर्षांचा आहे मी.

बुध. ३०
काका दवाखान्याची चिठ्ठी घेऊन जॉबरला भेटले. तो म्हणाला, "चिठ्ठी ठेवा, आजवरचं चालवून घेतो. पण एक तारखेपासून गेटावर दिसू दे, नायतर घोडपदेवचा पोरगा आहे, रोज येतो." काकांनी तसंच्या तसं सांगितलं.

शुक्र. १ फेब्रु.
सकाळ. अंगात काही म्हणजे काही दुखत नाही. जिना दोनदा चढेन. सदरा घातला, कार्ड खिशात. काका डबा भरत होते. वर न बघता म्हणाले, "माझो गुडघो झिजलो, माका काठी गावता. काळजाक काठी खय गावतली?"
म्हटलं, मग जागा गेली तर?
"जायत. मी काय जॉबर नाय."
आणि निघाले. दार उघडंच ठेवलं.
गिरणीचा पहिला भोंगा झाला. दुसऱ्याला वेळ आहे. सदरा अंगात आहे. मी अजून बसूनच लिहितोय.