चार सद्गुण विहीणबाईंचे, तीन माझे

जे. पी. नगर, बेंगळुरू
रविवार, चर्चमधल्या भक्तीहून आल्यावर

ती. अण्णांना,

धाकट्या कस्तुराचा ख्रिस्तात सलाम. तुमचा गुडघा आता बरा असेल, आणि वहिनी वेळच्या वेळी साखर तपासून घेत असतील अशी आशा करते. आम्ही दोघं प्रभूच्या दयेने ठीक आहोत. ह्यांचा खोकला गेला. ऐकू कमी येतं ते तसंच आहे (मला वाटतं त्यांना त्यात बरंच वाटतं). इथवर आईच्या शिकवणीप्रमाणे 'तुम्ही' लिहिलं. आता 'तू'वर येते, कारण सांगायचंय ते 'तुम्ही' म्हणून सांगवणार नाही. फोनच केला असता, पण तू फोन स्पीकरवर ठेवतोस, आणि मग वहिनी, शेजारीण आणि दारात आलेला दूधवाला असे सगळे मिळून ऐकतात.

आमच्या मराठी मंडळीत अभिराज नावाचे तरुण पाळक आलेत हे तुला माहीत आहे. त्यांनी दर शनिवारी दुपारी चामराजपेटच्या हॉलमध्ये एक वर्ग सुरू केला, 'ख्रिस्ती सद्गुण आणि सुखी जीवन'. मी पहिल्या दिवशी पहिल्या रांगेत बसले. मला वाटलं होतं, हे करू नका ते करू नका असं काहीतरी असेल आणि आपण मान डोलावत बसू. पण त्यांचं म्हणणं वेगळंच. सद्गुण म्हणजे नियम नव्हे, म्हणे, ती हाताला लागलेली सवय. पेटी शिकणाऱ्याला आधी प्रत्येक पट्टी शोधावी लागते, मग बोटं आपोआप जातात आणि वाजवण्यात आनंद वाटू लागतो, तसं. चांगलं वागणं पुन्हा पुन्हा करायचं, मग ते अंगात मुरतं, आणि अशा मुरलेल्या माणसाचं जे जगणं, तेच सुखी जीवन. सुख म्हणजे घटकाभर मन खूश होणं नव्हे. खरा चांगला माणूस तो, ज्याला चांगलं करायला आवडतं. इथेच मी अडकले, अण्णा. चांगलं मी करते. पण मला ते आवडत नाही.

आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर जी बाई बसली होती, तिला आवडतं. ती म्हणजे आमच्या विहीणबाई.

अलकाताईंना तू आमच्या रोशनच्या लग्नात पाहिलंयस, पुण्याच्या, निळ्या साडीतल्या. यजमान सरकारी संशोधन संस्थेतून निवृत्त झाले आणि दोन वर्षांत गेले, तेव्हापासून त्या मारतहळ्ळीला अमृताकडे, म्हणजे आपल्या मुलीकडे राहतात (म्हणजे माझ्या मुलाकडे, पण तसं कोणी म्हणत नाही). आमची नात कावेरी शाळेतून आली की दार त्या उघडतात. तिची वेणी त्या घालतात. मी रविवारी जाते, तेव्हा मला पाहुणीसारखा चहा मिळतो, बशीसकट. शनिवारी मोकळ्या असतात म्हणून मीच सुनेला म्हटलं होतं, आईला पाठव आमच्या वर्गाला, तेवढाच विरंगुळा. मनात होतं की बाई हिंदू, तिला आमच्यातलं काय कळणार, चार लोकांत माझं पारडं जरा जड होईल.

अण्णा, ती बाई तिसऱ्या शनिवारी पाळकांची लाडकी झाली. पाळक विचारायचे, संयम म्हणजे काय. मी सांगायचे, मन मारणं. अलकाताई हळूच म्हणायच्या की मन मारावं लागतंय तोवर संयम आला नाही असं नाही का, आणि पाळक टेबलावर हात आपटून म्हणायचे, अगदी बरोबर. घरी करायला दर आठवड्याला एक सद्गुण द्यायचे. संयमाच्या आठवड्यात मी ठरवलं, दिवसभर अलकाताईंचं नाव काढायचं नाही. ह्यांनी (ज्यांना दारावरची घंटा ऐकू येत नाही) न्याहारी संपायच्या आत सांगितलं की तीनदा काढून झालं. धैर्याच्या आठवड्यात मी धैर्य करून मारतहळ्ळीला गेले, कावेरीला दर शनिवारी रात्री माझ्याकडे पाठवा असं स्पष्ट सांगायला. दार अलकाताईंनी उघडलं. गरम सांज्याची पोळी पुढे केली, तूप घातलं, बसची गर्दी विचारली. मी पोळ्यांचा डबा घेऊन परत आले आणि मुद्दा तिथेच राहिला. पोळ्या उत्तम होत्या. पुढचा आठवडा न्यायाचा होता, ज्याचं त्याला देण्याचा, तेव्हा त्या उत्तम होत्या हे सांगणं माझं काम होतं. मी सांगितलं नाही.

एकच आधार उरला होता. पाळकांनी फळ्यावर चार सद्गुण लिहिले होते, विवेक, न्याय, धैर्य, संयम. हे म्हणे कोणत्याही धर्माच्या माणसाला कमावता येतात. पण त्यांच्यावरचे तीन, विश्वास, आशा आणि प्रीती, हे कमावता येत नाहीत, देवाच्या कृपेनेच मिळतात. मला एवढं हायसं वाटलं म्हणून सांगू. चार विहीणबाईंचे, तीन माझे, मिटला विषय. मी हात वर करून सगळ्यांसमोर विचारलं, म्हणजे हे तीन बाप्तिस्मा झालेल्यांनाच ना. पाळक हसले आणि म्हणाले, देणारा कोणाला कधी देतो ते आपण ठरवू नये, अक्का. आणि पुढच्या शनिवारी प्रत्येकाने एकेका सद्गुणावर बोलायचं म्हणून वाटणी केली. मला विवेक दिला. प्रीती दिली अलकाताईंना.

प्रीतीवर मी लहानपणापासून बोलतेय, अण्णा. संडे स्कूलमध्ये बक्षीस मला मिळालं होतं, तुला नव्हे.

त्याच आठवड्यात चामराजपेटच्या हॉलची रंगरंगोटी निघाली. शुक्रवारी पाळकांचा फोन आला, उद्याचा वर्ग तुमच्या घरी घेऊ या का, आणि अलकाताईंना तेवढं तुम्ही कळवाल का. मी म्हटलं, कळवते. फोन हातात घेतला. मग गॅसवर दूध होतं ते बघितलं, मग कपडे आत आणले, मग संध्याकाळची प्रार्थना झाली. विसरले नव्हते, तुला खोटं कशाला सांगू. दर वेळी फोन दिसत होता आणि दर वेळी मी दुसरं काम काढत होते.

शनिवारी आमचा हॉल भरला. अलकाताई नाहीत. पाळकांनी माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं ट्रॅफिक असेल (बेंगळुरूत हे उत्तर कुणीही मान्य करतं). थोडं थांबून मीच म्हणाले, तोवर प्रीतीवर मी बोलू का. तयारी मंगळवारपासून झाली होती, पोळ्या लाटताना. उभी राहिले आणि सुरुवात फार चांगली झाली. म्हटलं, दुसऱ्याचं बरं झालं की आपल्याला वाईट वाटतं तो हेवा, आणि दुसऱ्याचं बरं झालं की आपल्याला बरं वाटतं ती प्रीती. लोक मान डोलावत होते. आणि मला एकदम दिसलं, चामराजपेटच्या त्या बंद फाटकासमोर ती बाई उभी आहे. कन्नड येत नाही. ऊन आहे. नवरा गेल्यापासून एकटीने कुठे जाताना पर्सचा बंद दोन्ही हातांनी धरते, ते मी पाहिलंय. पुढचं वाक्य पाठ होतं, ते सोडलं. मग जे आलं ते आलं.

"त्या चामराजपेटला असतील. मी त्यांना कळवलं नाही. मुद्दाम."

मी चपला घातल्या आणि निघाले. पाळक मागून जिन्यावरून काहीतरी ओरडून सांगत होते, ऐकायला थांबले नाही. रिक्षात बसून फोनवर फोन केले. वाजत होता, उचलत नव्हत्या. माझी घाई बघून रिक्षावाला म्हणाला, स्वल्प समाधान माडी, अम्मा, म्हणजे जरा शांत व्हा. समाधान कुठून करणार? मी रडत होते आणि प्रार्थना करत होते, आणि त्या प्रार्थनेत सुद्धा, अण्णा, मी अमृताला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होते.

हॉलवर रंगारी होते. त्यांनी कोपऱ्यावरच्या हॉटेलाकडे बोट केलं. आत गेले तर विहीणबाई भिंतीजवळच्या टेबलावर बसून मसाला दोसा खात होत्या. समोर फोन, त्यावर माझं नाव चमकत होतं, कारण मी अजून लावतच होते.

मी समोर बसले आणि म्हटलं, माझं चुकलं, मी तुम्हाला निरोप दिला नाही. त्यांनी घास संपवला.

"मला माहीत होतं. पाळकांनी सकाळी मलाही फोन केला होता."

(पाळकांचा माझ्यावर विश्वास आहे, पण त्यांच्याकडे विवेकही आहे. जिन्यावरून हेच ओरडत होते.) मी विचारलं, मग इकडे कशाला आलात?

"तुम्ही कळवता का, ते बारापर्यंत बघत बसले. नाही कळवलंत. मग राग आला. म्हटलं, आता जातेच तिकडे, होऊ दे यांच्या जिवाला घोर. आणि खरं सांगू, त्या भाषणाची मला भीती वाटत होती. तुमच्यासारखं उभं राहून मला बोलता येत नाही."

"आणि फोन?"

"दिसत होता. दोसा संपेपर्यंत उचलायचा नाही, असं ठरवलं होतं."

अण्णा, त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मी या वर्षात अनुभवला नव्हता. ही बाई डूख धरते. ही बाई मुद्दाम फोन वाजू देते आणि दोसा खाते. मी हसायला लागले, मग त्याही हसल्या, मग त्या रडल्या. म्हणाल्या की कावेरीला झोपवताना ती रोज म्हणते, जे. पी. नगरच्या आजीचं गाणं म्हण, आणि मला ते येत नाही, मग मी दिवा घालवून गप्प पडून राहते. त्या घरात मला सगळे फार जपतात, म्हणाल्या, कुणी भांडत म्हणून नाही. मी म्हटलं, भांडायला मी आहे. त्यांनी अर्धा दोसा माझ्याकडे सरकवला. मी सांगितलं, पोळ्या उत्तम होत्या. त्या म्हणाल्या, त्या दुकानातून आणल्या होत्या.

परत आलो तेव्हा वर्ग सुटला होता, पण पाळक थांबले होते. म्हणाले, आजचा प्रीतीचा पाठ बराच लांबला वाटतं. आज भक्तीनंतर कावेरीला मांडीवर घेऊन मी अलकाताईंना ते गाणं शिकवलं. त्यांचा सूर चांगला आहे. मला वाईट वाटलं, पण नेहमीपेक्षा कमी. सवय लागायला वेळ लागतो, म्हणे.

वहिनींना सलाम. गुडघ्याची काळजी घे.

तुझी,
कस्तुरा

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. पुढच्या महिन्यात अलकाताईंच्या भाचीचं लग्न बेळगावात आहे आणि त्या एकट्याच येताहेत. हॉटेलात राहते म्हणत होत्या. मी सांगितलं, माझा भाऊ असताना हॉटेल कशाला. तेव्हा स्टेशनवर तू स्वतः जा, पाठवू नकोस कुणाला. कुंदा खायला घाल, किल्ला दाखव, वहिनींना म्हणावं डाळीची आमटी करा.

ता. क. २ त्या तुला आवडतील. सगळ्यांनाच आवडतात. आवडू देत. पण माझ्यापेक्षा जास्त नको, अण्णा. आणि जास्त आवडल्याच, तर मला फोनवर सांगू नकोस.